ताईला इतकी वर्षं डिप्रेशनची औषधं होती, आता बायपोलर निघालं. बायकांमध्ये हे उशिरा कळतं का?

गोदाकाठची

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय इथे, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मोठी बहीण, वय ३४, लग्न झालंय, एक मुलगा. कॉलेज संपलं तेव्हापासून तिला मधूनमधून डिप्रेशन येतं, म्हणजे उठायचंच नाही, अंघोळ नाही, केस विंचरणं नाही, नुसतं रडू, आणि मग दोनतीन महिन्यांनी आपोआप बरी. आधी फॅमिली डॉक्टर झाले, मग सायकियाट्रिस्ट झाले, सगळ्यांनी डिप्रेशनच लिहिलं आणि त्याच्याच गोळ्या दिल्या. मधल्या काळात ती इतकी छान असायची की आम्हाला वाटायचं हीच खरी ताई, पहाटे चारला उठून सगळ्या बिल्डिंगला पुरेल एवढा फराळ करायची, एकाच वेळी शिवणाचा क्लास आणि ऑनलाइन साड्यांचा धंदा सुरू करायची, दोनतीन तास झोपून दिवसभर पळायची. सासरचे तर तेव्हा कौतुकच करायचे.

मुलगा झाला तेव्हा मात्र दहाबारा दिवसांत तिची झोप पार गेली. बाळ झोपलं तरी ही जागी, सारखी बोलतेय, रात्री कपाटं उपसतेय, सासूबाईंना म्हणाली की बाळात देवाची शक्ती आहे आणि ते तिच्याशी बोलतं. कोणी म्हणालं बाळंतपणाचा थकवा, कोणी दृष्ट काढली, काही आठवड्यांनी निवळलं आणि मग त्यावर कोणी काही बोललं नाही. आता दिवाळीनंतर नव्या डॉक्टरांनी सगळं मुळापासून विचारलं आणि सांगितलं की हा बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी डिप्रेशनमध्ये खोल जातो तर कधी गरजेपेक्षा फार वर चढतो असा आजार.

आता मला जे छळतंय ते असं की आमच्या मामाला हाच आजार आहे. तो २३ वर्षांचा असताना रात्रभर बाहेर, गावात देऊळ बांधतो म्हणून लोकांकडून पैसे गोळा केले, मारामारी झाली, अॅडमिट केलं आणि तिथेच निदान झालं. लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवायचं औषध, चालू केलं, आज व्यवस्थित नोकरी करतो. मग ताईच्या बाबतीत कोणाला कसं कळलं नाही? बायकांमध्ये हा आजार वेगळा असतो की बघणाऱ्यांची नजर वेगळी असते? अजून एक, तिला दुसरं मूल हवंय आणि आता वॅल्प्रोएट, तेही मूड स्थिर ठेवायचंच औषध, चालू केलंय, त्याबद्दल काहीतरी वाईट ऐकलं, ते खरं आहे का?

एमडी_थर्ड_इयर

ताई, मी सायकियाट्रीत रेसिडेंट आहे, सरकारी हॉस्पिटलला. तुमच्या बहिणीला तपासलेलं नाही त्यामुळे तिच्याबद्दल ठाम काही बोलणार नाही, पण आजाराबद्दल सांगते.

तुम्ही विचारलंत ना की आजार वेगळा की नजर वेगळी, तर दोन्ही. आणि दोन्ही एकाच दिशेने ढकलतात म्हणून बायकांचं निदान लांबतं.

आधी आजाराचं. पूर्ण मॅनिया, म्हणजे मूड, उत्साह आणि वागणं हाताबाहेर चढणं, येतो तो बायपोलर १, तो बायकांत आणि पुरुषांत जवळपास सारखाच सापडतो. १९६६ साली स्वित्झर्लंडमध्ये जूल्स आंग्स्ट आणि स्वीडनमध्ये कार्लो पेरिस यांनी आपापलं स्वतंत्र काम करून दाखवलं होतं की नुसतं डिप्रेशन येणारा आजार बायकांत जास्त आहे, पण दोन्ही टोकांना जाणारा आजार दोघांत सारखा आहे. फरक पडतो तो सुरुवात कुठून होते त्यात. पुरुषांत बऱ्याचदा पहिला एपिसोडच मॅनियाचा, म्हणजे तुमच्या मामांसारखा, तो लपतच नाही. बायकांत पहिला एपिसोड डिप्रेशनचा असण्याची शक्यता जास्त आणि पुढेही डिप्रेशनचाच काळ जास्त. शिवाय बायपोलर २, ज्यात पूर्ण मॅनिया कधीच येत नाही, फक्त त्याचा सौम्य प्रकार म्हणजे हायपोमॅनिया येतो, तो बऱ्याच अभ्यासांत बायकांत जास्त दिसलाय. वर्षात चार किंवा जास्त एपिसोड येणं, ज्याला रॅपिड सायकलिंग म्हणतात, तेही बायकांत जास्त.

आता अडचण अशी की बायपोलरमधलं डिप्रेशन आणि साधं डिप्रेशन समोर बसलेल्या पेशंटकडे बघून वेगळं ओळखता येत नाही. रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. सगळं निदान मागच्या इतिहासावर, म्हणजे आधी कधी सलग चार दिवस तरी हायपोमॅनिया होता का किंवा आठवडाभर मॅनिया होता का यावर. आणि पेशंट येतो डिप्रेशनमध्ये, त्या अवस्थेत त्याला आपण कधी आनंदात होतो हेच आठवत नाही, आणि आठवलं तरी ते आजार म्हणून सांगायचं त्याच्या मनात येत नाही. अमेरिकेत २००० साली बायपोलर असलेल्या लोकांचा एक सर्व्हे झाला होता, त्यात ६९ टक्के लोकांना आधी चुकीचं निदान मिळालं होतं, सगळ्यात जास्त वेळा डिप्रेशनचं, आणि एक तृतीयांशाहून जास्त लोकांना बरोबर निदानापर्यंत पोचायला १० वर्षं किंवा त्याहून जास्त लागली होती.

नजरेचं सांगते, हे माझ्या ओपीडीतलं निरीक्षण आहे. पुरुषाला मॅनिया झाला की तो प्लॉटचा बयाणा देऊन येतो, उधाऱ्या करतो, गावात भांडणं करतो, मग चार नातेवाईक त्याला धरून आणतात. बाईला आणतात ती स्वयंपाक बंद पडला की. ती चढलेली असते तेव्हा घरातली कामं दुप्पट होत असतात, कोण कशाला डॉक्टरकडे नेईल? चिडचिड झाली तर पाळी जवळ आली म्हणतात. देव बोलतो म्हणाली तर अंगात आलं म्हणतात आणि बऱ्याच घरांत दवाखान्याआधी देवस्थान होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मॅनियात संकोच सुटतो, अनोळखी माणसाशी फोनवर तासन् तास बोलणं, नटून बाहेर पडणं, हे आजाराचं लक्षण आहे, पण बाईच्या बाबतीत घरचे त्याला चारित्र्याचा प्रश्न करतात आणि डॉक्टरपासून लपवतात. आम्ही विचारलं तरी सासू आणि नवरा एकमेकांकडे बघतात आणि गप्प बसतात. पुरुषाच्या केसपेपरवर जी माहिती पहिल्या दिवशी येते ती बाईच्या केसपेपरवर कधीकधी येतच नाही, याचा मला फार राग येतो.

बाळंतपणाचं वेगळं सांगायला हवं. बायपोलर असलेल्या बाईसाठी आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे. एरवी बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं, हजारात एकदोन जणींना होतो, बायपोलर १ असलेल्यांत साधारण पाचातल्या एकीला. तुम्ही वर्णन केलंय, झोप जाणं, सतत बोलणं, बाळाबद्दल विचित्र कल्पना, ही तातडीने दाखवायची गोष्ट असते कारण त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत त्यासाठी आई आणि बाळाला एकत्र ठेवायचा वेगळा वॉर्डच आहे. आणि पुढे कधी डिप्रेशन घेऊन आली तर हा इतिहास डॉक्टरला कळलाच पाहिजे.

शुभ्रकमळ

मला बायपोलर २ आहे, ४१ वय, मुंबईत असते. वर डॉक्टरांनी लिहिलंय त्यातलं अक्षर न् अक्षर माझ्या बाबतीत झालंय. मला कधीच कोणी विचारलं नव्हतं की तुला खूप बरं कधी वाटतं. झोप कशी, भूक कशी, मरावंसं वाटतं का, एवढेच प्रश्न. मी ऑफिसात दोन माणसांचं काम एकटी करायचे त्या काळात मला प्रमोशन मिळालं, त्याला मी आजार कसा म्हणणार होते?

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. नुसती डिप्रेशनची गोळी, मूड स्टॅबिलायझर म्हणजे लिथियमसारखं औषध न देता, बायपोलरमध्ये काही जणांना वर ढकलते. माझ्या बाबतीत गोळी वाढवली की पंधरवड्यात मी एकदम फटाफट बरी व्हायचे, जास्तच बरी, झोप कमी, खर्च जास्त, बोलणं जास्त, आणि मग धाडकन खाली, पहिल्यापेक्षा खाली. डॉक्टर म्हणायचे गोळी लागू पडली होती, आता पुन्हा वाढवू. तर कोणाच्या घरी असं होत असेल की डिप्रेशनची गोळी चालू केली आणि माणूस काही दिवसांतच झोपेशिवाय टवटवीत झाला, तर खुश होऊन बसू नका, डॉक्टरांना लगेच कळवा.

मला आधी एकांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी, म्हणजे स्वभावातच अस्थिरता असण्याचा आजार, पण लिहिलं होतं. बाई आहे, रडते, भांडते, मग पर्सनॅलिटीच खराब असणार. ते वाचून मी कित्येक महिने डॉक्टरकडेच गेले नाही.

वाईकर_७२

बायकांचं बरोबर आहे पण आमच्याकडं पुरुषांचं पण एक बघा. माझ्या धाकट्या भावाला दारूचा पेशंट म्हणूनच सगळे ओळखायचे. व्यसनमुक्तीला ठेवलं, बाहेर आला, परत प्यायला, परत ठेवलं. कुणी म्हणायचं तापट आहे, कुणी म्हणायचं पैशाचा माज आहे, सेकंडहँड टेम्पो घेतला, पंधरा दिवसात दुसरा घेतला, ग्रामपंचायतीला उभा राहिला, सगळं पिऊनच करतोय असं आम्हाला वाटायचं. शेवटी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीतल्या मॅडमनी आईला विचारलं की आधी काय होतं, दारू वाढते मग झोप जाते का झोप जाते मग दारू वाढते? आई म्हणली आधी झोप जाते, आठ दिवस आधी, तेव्हा थेंब पण घेतलेला नसतो. त्यावरनं धागा लागला.

त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या पोराला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा वेगळा आजार, लिहिलेलं होतं आणि नंतर तो पण बायपोलरच निघाला. म्हणजे बाईला डिप्रेशन म्हणून सोडतात आणि पुरुषाला दारुडा नाहीतर पक्का वेडा म्हणून सोडतात, असं मला वाटतं.

एमडी_थर्ड_इयर

वाईकर दादा, तुमच्या आईंना विचारलेला तो प्रश्न सोन्यासारखा आहे. अभ्यासांतही हेच येतं, बायपोलर असलेल्या पुरुषांत दारू आणि नशेचं प्रमाण जास्त, बायकांत थायरॉइड, मायग्रेन, अँक्झायटी जास्त. आणि सोबत जे असतं त्याच्याच मागे मूळ आजार लपतो. मॅनियात भ्रम आणि भास जोरात असतील तर तो स्किझोफ्रेनियासारखा दिसतो, विशेषतः तरुण मुलगा पोलिसांबरोबर कॅज्युअल्टीत आला असेल आणि मागचं सांगायला घरचं कोणी नसेल तर.

जुनाजाणता

मी वयाने मोठा आहे, मनापासून विचारतो, रागावू नका. मूड वरखाली कोणाचा होत नाही? बायकांचं तर पाळी, बाळंतपण, पंचेचाळीशीनंतरचा त्रास, हे आमच्या आया-आज्यांनीही सोसलं. माझ्या पुतणीला अशीच कोणीतरी एका भेटीत बायपोलर म्हणून चिठ्ठी दिली, तिचं ठरलेलं लग्न मोडलं आणि नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की असं काही नाही. एकदा शिक्का बसला की मुलीचं आयुष्य जातं. इतका शोध घ्यायची घाई का?

एमडी_थर्ड_इयर

काका, तुमच्या पुतणीचं वाचून वाईट वाटलं आणि तुमचा मुद्दा खरा आहे, एका भेटीत, वीस मिनिटांत, घरच्या कोणाशी न बोलता हे निदान करूच नये. आयुष्यभराच्या औषधाची गोष्ट आहे.

पण हार्मोन्सचं वेगळं करता येतं. पाळीच्या आधीची चिडचिड आणि उदासी पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत उतरते, पुढच्या महिन्यात परत त्याच दिवसांत येते. बायपोलरचा एपिसोड कॅलेंडर बघत नाही, तो आठवडेच्या आठवडे राहतो. हां, काही जणींना बायपोलर असतो आणि पाळीच्या आधी तो जास्त त्रास देतो, म्हणून दोनतीन महिने रोज एका ओळीत मूड, झोप आणि पाळीची तारीख लिहून ठेवली तर चित्र बरंच स्पष्ट होतं. थायरॉइड तर तपासायचाच, तो कमी असेल तर डिप्रेशनसारखं दिसतं आणि रॅपिड सायकलिंगशीही त्याचा संबंध आढळलाय. शुभ्रकमळ ताईंनी बॉर्डरलाइनचं लिहिलंय, तिथे मूड तासातासाला आणि बहुतेक कोणाच्या वागण्यावरून बदलतो, बायपोलरमध्ये दिवस-आठवड्यांच्या हिशोबात बदलतो आणि झोपेची गरजच कमी होते. दोन्ही एकत्रही असू शकतं. मूड कोणाचाही वरखाली होतो हे खरं, पण तीन तास झोपून सलग आठवडाभर थकवा न येणारा माणूस मी तरी आजाराशिवाय बघितलेला नाही.

आया-आज्यांनी सोसलं म्हणता, त्यातल्या किती जणी विहिरीत गेल्या हे त्या त्या गावाला माहीत असतं, काका. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्यांपैकी ७० टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मला ओपीडीतून तरी वाटत नाही.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री हे सगळं ताईच्या नवऱ्याला वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता. मामाच्या आजाराचं सासरी कधी सांगितलंच नव्हतं, आईने प्रत्येक डॉक्टरला घरात कोणाला काही नाही असंच सांगितलं होतं कारण सोबत कायम सासरचं कोणीतरी असायचं. आता पुढच्या वेळी मी आणि जिजाजी जाणार आहोत. वॅल्प्रोएटचं कोणी सांगाल का?

एमडी_थर्ड_इयर

मामांचं नक्की सांगा. सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील किंवा भावंडांत बायपोलर असेल तर साधारण ५ ते १० टक्के शक्यता धरतात, एरवी ती एक टक्क्याच्या आसपास. मामा म्हणजे थोडं लांबचं नातं, पण डिप्रेशन घेऊन आलेल्या बाईच्या केसपेपरवर ही एक ओळ असती तर कोणताही डॉक्टर हायपोमॅनियाचे प्रश्न जास्त बारकाईने विचारेल. मामांना लिथियम चांगलं लागू पडलं हेही सांगा, जवळच्या नातेवाइकाला जे औषध मानवलं त्याचा विचार आम्ही करतो. आईंना वेगळं बसून बोलायचं असेल तर डॉक्टरांना तसं आधी सांगून ठेवा.

वॅल्प्रोएट. ऐकलंत ते खरं आहे आणि हा माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा बाई-पुरुष फरक आहे, कारण इथे औषधच वेगळं निवडावं लागतं. गरोदरपणात वॅल्प्रोएट चालू असेल तर १०० बाळांत साधारण १० बाळांना जन्मजात व्यंग असतं, त्यात मणक्याचं व्यंगही येतं, आणि १०० पैकी ३० ते ४० मुलांच्या बौद्धिक वाढीत पुढे अडचणी दिसतात. ब्रिटनने २०१८ मध्ये नियम केला की मूल होऊ शकेल अशा बाईला पक्कं गर्भनिरोधन आणि लेखी समज असल्याशिवाय हे द्यायचंच नाही. शिवाय पाळी अनियमित होणं, पीसीओएस म्हणजे अंडाशयाचा हार्मोनचा त्रास, वजन वाढणं, हेही यात होतं. पण, आणि हे दहा वेळा सांगते, आपल्या मनाने गोळी बंद करू नका. डॉक्टरांना याच आठवड्यात फोन करून सांगा की दुसऱ्या मुलाचा विचार आहे, तोपर्यंत गर्भनिरोधन वापरा. बदल हळूहळू करतात. बायपोलरची दुसरी औषधं म्हणजे, कार्बामॅझेपिन असेल तर त्याने गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो आणि लॅमोट्रिजिन असेल तर उलट इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळीने लॅमोट्रिजिनची पातळी खाली येते, हे कोणी आपणहून सांगत नाही म्हणून विचारा.

सगळीच औषधं बंद करून मूल होऊ देऊ असं घरचे म्हणतील, तर त्यांना हे सांगा. बायपोलर असलेल्या बायकांच्या अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी २०१६ मध्ये झाली होती, त्यात गरोदरपणात औषध नसलेल्या बायकांपैकी ६६ टक्के जणींना बाळंतपणानंतर आजार उलटला, औषध चालू असलेल्यांत २३ टक्के. म्हणून प्रश्न औषध हवं की नको हा नसतो, कोणतं आणि किती हा असतो, आणि तो दिवस राहायच्या आधी सुटला पाहिजे.

शुभ्रकमळ

माझ्या मैत्रिणीचं असंच नियोजन करून मूल झालं, ती लिथियमवर होती. सायकियाट्रिस्ट आणि बाळंतपणाच्या डॉक्टर आपसात बोलत होत्या, आणि बाळ झाल्यावर पहिला महिना रात्रीचं बाळ तिची आई आणि नवरा आळीपाळीने बघायचे, वरचं दूध देऊन, म्हणजे तिला सलग झोप मिळायची. सासूबाईंना अंगावरचं दूध का पाजत नाही यावरून आधी राग होता, मग डॉक्टरांनीच त्यांना बोलावून समजावलं. तुम्ही पण हे आधीच ठरवून ठेवा. बाळंतपणात सगळे बाळ बघायला येतात, आईला झोपू द्या असं म्हणायला घरात एक माणूस ठाम लागतो.

आणि ताईला पुन्हा खूप खाली वाटलं, मरणाचे विचार आले आणि डॉक्टर मिळाले नाहीत तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

वाईकर_७२

मॅडम, माझा एक प्रश्न. भावाला पण लिथियम आहे, त्याची रक्ताची तपासणी आम्ही जमेल तेव्हा करतो, कधी सकाळी कधी दुपारी, रिपोर्ट दर वेळी वेगळाच येतो. आणि पाठ दुखली की मेडिकलमधनं दुखण्याची गोळी घेतो, चालतं का?

एमडी_थर्ड_इयर

दादा, रिपोर्ट त्यामुळेच वेगळा येतोय. लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढायची. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त द्यायचं, आणि सकाळचा डोस असेल तर तो रक्त दिल्यावर घ्यायचा. सोबत किडनी आणि थायरॉइडही ठरलेल्या वेळेला बघायचं. दुखण्याच्या गोळ्यांपैकी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी लिथियमची पातळी वाढते, त्या मनाने घ्यायच्या नाहीत, पॅरासिटामॉल चालतं. जुलाब-उलट्या झाल्या किंवा उन्हातान्हात शेतात पाणी कमी पडलं तरी पातळी चढते, तेव्हा हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोबडं बोलणं दिसलं तर पुढची गोळी न देता सरळ दवाखाना गाठा आणि तिथे पहिल्यांदा सांगा की हा लिथियमवर आहे.